पदपथावरचे झाड पाडताना

आमच्या वसाहतीच्या मुख्य रस्त्यावरचे दोन गुलमोहर पाडावेत या अर्जावर माझी सही आहे, आणि त्याच रस्त्यावरचा कडुनिंब पाडू नये ही लेखी हरकतही माझीच आहे. दोन्ही कागद एकाच फायलीला लागले तेव्हा उद्यान विभागातल्या लिपिकाने चष्म्यावरून पाहत विचारले, "भाऊ, तुम्ही नेमके कोणत्या बाजूचे?" प्रश्न रास्त होता. जळगावात मे महिन्यात पारा 45 अंशांच्या पुढे जातो, तेव्हा झाड पाडा म्हणणारा माणूस लोकांना शत्रूच वाटतो. आणि ज्या घरातली म्हातारी उखडलेल्या फरशीला ठेचकाळून खुब्याचे हाड मोडून घेते, त्या घरात जाऊन झाड वाचवा म्हणणेही सोपे नसते. या दोन बाजूंमध्ये बोलण्यासारखे पुष्कळ आहे, पण वसाहतीच्या बैठकीत ते बोलायला कोणी पाच मिनिटेही देत नाही.

बैठकीत जे बोलले जाते ते साधारण असे असते: झाडाची मुळे फरशी फोडतात, म्हणून झाड काढा. वास्तविक मूळ फरशी फोडायला निघालेले नसते. त्याला ओल हवी असते आणि हवाही हवी असते. पदपथ करताना खालची माती रोलरने दाबून घट्ट केलेली असते. त्या दाबलेल्या थरात मुळाला शिरता येत नाही आणि श्वासही घेता येत नाही. उलट फरशी आणि तिच्याखालचा थर यांच्यामध्ये जी बारीक पोकळी राहते, तिथे हवा असते आणि रात्री फरशी थंड झाली की तिच्या पोटाला दव धरते. केसाएवढे बारीक मूळ त्या फटीतून सरकते, आणि मग ते वर्षागणिक जाड होत जाते. लांबीने वाढणारे मूळ वाट शोधते. जाडीने वाढणाऱ्या मुळाला मात्र वाट शोधता येत नाही, त्यामुळे ते वरच्या वस्तूला उचलते. बहुतेक झाडांची बहुतेक मुळे जमिनीच्या वरच्या दोन फुटांतच असतात आणि फांद्यांच्या घेराच्याही बाहेर पसरतात. झाड जेवढे उंच तेवढे खोल, हा शाळेतल्या चित्राने करून दिलेला समज आहे.

आमच्या भागात या कहाणीत आणखी एक पात्र आहे, आणि ते बहुतेक वेळा आरोपातून सुटते. ते म्हणजे काळी माती. माझी सगळी नोकरी पाटबंधारे खात्यात गेली, त्यामुळे या मातीशी माझे जुने भांडण आहे. तापी आणि गिरणेच्या खोऱ्यातली ही माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून तिला अशा भेगा पडतात की त्यांत हात मनगटापर्यंत जावा. अशा मातीवर थेट केलेले कालव्याचे अस्तरीकरण, आसपास एकही झाड नसताना, उचलले जाते आणि फुटते. म्हणूनच कालव्याच्या अस्तराखाली न फुगणाऱ्या मुरमाचा थर देण्याची पद्धत आहे. शहरात मात्र पदपथ करणारा ठेकेदार चार बोटे मुरूम टाकतो, त्यावर दगडाची कच पसरतो आणि पेव्हर ब्लॉक बसवून मोकळा होतो. दोन पावसाळ्यांत ब्लॉक लाटांसारखे वरखाली होतात. जवळ झाड असले की दोष झाडाचा, नसले की दोष 'हलक्या कामा'चा. आमच्या रस्त्यावर जिथे एकही झाड नाही त्या टोकालाही फरशा वर आलेल्या आहेत, हे मी बैठकीत सर्वांना चालत नेऊन दाखवले. लोकांनी पाहिले, मान हलवली आणि परत येऊन पुन्हा झाडांवरच बोलू लागले.

झाड मात्र अगदीच निर्दोष असते असे नाही. कोणते झाड कुठे लावले यावर पुष्कळ अवलंबून असते, आणि आपल्या शहरांमध्ये रस्त्याकडेची झाडे निवडताना एकच कसोटी लावली गेली, ती म्हणजे लवकर वाढणे. गुलमोहर मूळचा मादागास्करचा. त्याचे लाकूड ठिसूळ, मुळे उथळ आणि बुंध्याजवळ फळ्यांसारखी वर येणारी. पर्जन्यवृक्ष अमेरिका खंडाच्या उष्ण भागातला. त्याची छत्री मैदानात शोभते, पाच फुटांच्या पदपथावर तिला पेलणारी मुळे मावत नाहीत. सोनमोहर, काशिद, सुबाभूळ हे त्याच घाईचे मानकरी. अलीकडे या यादीत कोनोकार्पसची भर पडली. पाणी कमी लागते, पाने बारमाही हिरवी राहतात, कातरले की भिंतीसारखे सरळ दिसते, म्हणून बंगल्यांसमोर आणि रस्ता दुभाजकांवर त्याच्या रांगाच्या रांगा लागल्या. नवापूर ओलांडले की लागणाऱ्या गुजरातने 2023 मध्ये त्याच्या लागवडीवर बंदी घातली, आणि तिच्या कारणांमध्ये थंडीत उडणाऱ्या परागकणांइतकेच मुळांमुळे केबल, गटारे आणि पाण्याच्या वाहिन्या यांना होणारे नुकसानही होते. आपल्याकडे रोपवाटिकांच्या दारात ती रोपे आजही सर्वांत पुढे मांडलेली दिसतात.

पिंपळाची गोष्ट वेगळी. रस्त्याकडेचा पिंपळ क्वचितच कोणी मुद्दाम लावलेला असतो. पक्ष्याच्या विष्ठेतून बी गटाराच्या फटीत पडते आणि कोणाच्या लक्षात येईपर्यंत बुंधा मनगटाएवढा झालेला असतो. बोटाएवढा असताना उपटायला कोणी तयार नसते, कारण पिंपळ आहे. आणि चेंबर फुटल्यावर तोडायलाही मजूर मिळत नाही, कारण पिंपळ आहे.

आता मापे पाहू, कारण या वादात मापे कोणी काढत नाही. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या 2012 च्या मार्गदर्शक सूचनांनुसार पदपथावर चालण्यासाठी किमान 1.8 मीटर रुंदी मोकळी हवी. राष्ट्रीय हरित लवादाने दिल्लीतील झाडांबाबत 2013 मध्ये दिलेल्या आदेशात झाडाभोवतीच्या एक मीटर परिसरातले काँक्रीट काढायला सांगितले. दोन्ही सूचना शहाण्या आहेत, पण आमच्या रस्त्याचा पदपथ जेमतेम पाच फूट, म्हणजे दीड मीटर आहे. त्यात झाड मध्यभागी असेल तर झाडाला नियमाप्रमाणे जागा दिल्यावर माणसाला काहीच उरत नाही, आणि माणसाला दिल्यावर झाडाला उरत नाही. म्हणजे भांडण झाड आणि माणूस यांच्यात लावून दिले आहे ते नकाशाने. रस्ता चाळीस फुटांचा आहे, त्यातली दोन्ही बाजूंची पट्टी उभ्या चारचाकींनी व्यापलेली असते, आणि तिच्याबद्दल बैठकीत कोणी चकार शब्द काढत नाही, कारण त्या गाड्या बैठकीला आलेल्यांच्याच असतात. तीच गोष्ट फाटकासमोरच्या उतारांची. प्रत्येक बंगल्याने आपली गाडी आत चढावी म्हणून पदपथावरच सिमेंटचा उतार केलेला आहे. शिवाय डीपी, ओटे, पाण्याच्या टाक्या, चहाची टपरी. पदपथावर सलग शंभर पावले चालता येत नाही याचे कारण शोधायला निघालो तर झाडांचा क्रमांक बराच खाली लागेल.

तरीही ज्याला पाय उचलता येत नाही त्याच्यासाठी दोन इंचांची उंचवट ही भिंतच असते. दिव्यांग व्यक्तींच्या हक्कांचा 2016 चा कायदा सार्वजनिक जागा सर्वांना वापरता याव्यात असे सांगतो, आणि वॉकर घेऊन चालणाऱ्या आमच्या शेजारच्या आक्का तो कायदा न वाचताच रोज सकाळी पदपथ सोडून भर रस्त्यातून चालतात. लॉस एंजेलिसमध्ये अशाच अडचणीतून अपंग नागरिकांनी महापालिकेवर दावा लावला होता. तिथल्या उखडलेल्या पदपथांचे एक मोठे कारण फायकस होते, म्हणजे आपल्या वड-पिंपळाच्या कुळातली झाडे. 2016 मध्ये मंजूर झालेल्या तडजोडीनुसार त्या शहराने तीस वर्षांत सुमारे 1.4 अब्ज डॉलर पदपथांच्या दुरुस्तीवर खर्च करायचे आहेत. त्याच वर्षी सॅन फ्रान्सिस्कोच्या मतदारांनी रस्त्याकडेच्या झाडांची आणि त्यांच्यामुळे बिघडलेल्या पदपथांची जबाबदारी घरमालकांकडून काढून शहराकडे दिली आणि त्यासाठी दरवर्षी 1 कोटी 90 लाख डॉलर बाजूला काढायचे ठरवले. एवढे पैसे आपल्या महापालिकेकडे नाहीत हे कोणी सांगायला नको. मला त्या गोष्टीत रस आहे तो जबाबदारीपुरता. आपल्याकडे झाड लावतो घरमालक, पाणी घालतो घरमालक, जमीन महापालिकेची, छाटणी वीजतारा सांभाळणाऱ्यांची, खोदाई पाण्याच्या वाहिनीच्या ठेकेदाराची. आणि फांदी कोणाच्या गाडीवर पडली की यांतला एकही जण सापडत नाही.

झाड पाडण्याआधी करून पाहण्यासारखे बरेच असते, आणि ते कुऱ्हाडीपेक्षा स्वस्त असते. पहिली गोष्ट म्हणजे फरशी काढणे. पेव्हर ब्लॉकचा एवढाच मोठा गुण की ते उचलून पुन्हा बसवता येतात. मुळाच्या दोन्ही बाजूंना हलका चढउतार देऊन, खाली कचेऐवजी खडीचा थर घालून ते बसवले तर चाकाची खुर्चीही त्यावरून जाते. दुसरी गोष्ट म्हणजे पदपथाला झाडाभोवती वळण देणे, त्यासाठी एका गाडीच्या उभे राहण्याची जागा घ्यावी लागते. तिसरी गोष्ट मुळाची छाटणी. ती जाणत्याने करायची असते, कारण बुंध्याच्या व्यासाच्या तिप्पट अंतराच्या आत जाड मूळ तोडले की झाडाचा पायाच कापला जातो. कडुनिंबाबद्दलची माझी हरकत याच मुद्द्यांवर होती. त्याचे एकच मूळ वर आले आहे, खोड ठणठणीत आहे आणि जागा वळण घेण्याइतकी आहे. आक्कांना मी विचारले तेव्हा त्या अहिराणीत एवढेच म्हणाल्या, "झाड ऱ्हाऊ द्या, फरशी फोडा भाऊ." पदपथ दहा-पंधरा वर्षांनी तसाही नव्याने करावा लागतो, तेवढ्या काळात निंब जेमतेम वयात येतो, तेव्हा दोघांपैकी कोणी वाकायचे हे ठरवायला फार विद्वत्ता लागत नाही.

मग गुलमोहर का पाडायचे? त्यांनी फरशी उचलली म्हणून मी सही केलेली नाही. भुयारी गटाराच्या चरासाठी जेसीबीने त्यांची पश्चिमेकडची मुळे बुंध्यालगत तोडली. आमच्याकडे मे-जूनचे वादळी वारे आणि मागून येणारे पावसाळी वारे बहुतांशी पश्चिमेकडूनच येतात, आणि वाऱ्याच्या बाजूची मुळे दोरासारखी ताणून झाडाला धरून ठेवतात. ते दोरच कापले गेले. रावेर-यावलकडे वादळात केळीची बाग जशी एका दिशेने आडवी होते, तसे हे झाड पूर्वेला, म्हणजे घरांवर पडणार. शिवाय एका झाडाच्या बुडाशी फळीसारखी कठीण अळंबी उगवली आहे, जी आतले लाकूड कुजल्याची खूण असते, आणि खोडावर लाकडी हातोडीने ठोकले की पोकळ आवाज येतो. वरून हिरवेगार आणि फुललेले झाड आतून असे असू शकते, हे फुलांचे फोटो काढणाऱ्यांना पटवणे फार कठीण जाते. ज्या झाडाची मुळे आपणच तोडली ते झाड वाचवण्याचा आग्रह धरणे मला प्रामाणिक वाटत नाही. वाचवायचे होते तर चर खणताना उभे राहायला हवे होते, आणि त्या दिवशी जेसीबीजवळ कोणी नव्हते.

अर्ज करून, कारण देऊन, पंचनामा होऊन पडणाऱ्या झाडांपेक्षा मला चोरून मारल्या जाणाऱ्या झाडांची चिंता अधिक वाटते. दुकानाची पाटी झाकते, गेटसमोर कचरा पडतो, नव्या बांधकामाच्या आड येते, म्हणून रात्रीतून बुंध्याची साल गोलाकार सोलली जाते किंवा भोक पाडून काहीबाही ओतले जाते. हिंग भरा, असा सल्ला तर प्रत्येक गल्लीत मिळतो. वर्षभरात झाड वाळते आणि मग 'धोकादायक वाळलेले झाड' म्हणून ते पाडायला रीतसर परवानगी मिळते. महाराष्ट्राच्या नागरी भागांसाठीच्या 1975 च्या वृक्ष संरक्षण कायद्यात झाड पाडण्याच्या व्याख्येत जाळणे आणि कोणत्याही प्रकारे इजा करणेही धरले आहे, म्हणजे साल सोलणारा माणूस कायद्याच्या दृष्टीने झाड पाडतच असतो. परंतु परवानगीचा सरळ रस्ता इतका लांब आणि कंटाळवाणा असतो की लोक आडवाट धरतात. गरजेचे झाड पाडायला लवकर आणि कारणासहित परवानगी मिळाली, तर बिनगरजेचे झाड चोरून मारणाऱ्याला आडोसा राहणार नाही, असे माझे मत आहे. वृक्षप्रेमी मित्रांना ते रुचत नाही.

त्या कायद्यात 2021 मध्ये मोठी दुरुस्ती झाली. पन्नास वर्षांहून जुन्या झाडाला वारसा वृक्षाचा दर्जा मिळाला आणि पाडलेल्या झाडाचे जेवढे वय तेवढी नवी झाडे लावण्याची अट आली. चाळीस वर्षांच्या गुलमोहरामागे चाळीस रोपे. हिशेब उदार आहे, पण ती चाळीस रोपे लागणार कुठे? शहराबाहेरच्या मोकळ्या भूखंडावर, किंवा मेहरूण तलावाच्या बाजूला. तिथे ती जगली तर आनंदच आहे. मात्र भर उन्हात बाजारातून पिशवी घेऊन येणाऱ्या बाईला सावली इथे, या रस्त्यावर हवी असते. चाळीसमधले एक तरी रोप त्याच खड्ड्याच्या दहा पावलांच्या आत लागले पाहिजे, एवढी साधी अट परवानगीच्या कागदावर घातली तर बाकीच्या एकोणचाळीसांबद्दल मी फारसा वाद घालणार नाही.

सावलीबरोबर आणखी एक गोष्ट जाते. खान्देशात आखाजीला, म्हणजे अक्षय तृतीयेला, माहेरी आलेल्या लेकींसाठी निंबाला झोके बांधतात. आता झोक्याला लागते तशी आडवी, जाड, हाताच्या उंचीवरची फांदी रस्त्याकडेच्या झाडाला ठेवलीच जात नाही. तारांखालून दरवर्षी एकाच बाजूने छाटल्यामुळे झाडे एका खांद्यावर झुकलेली असतात, आणि मग तीच 'कललेली, धोकादायक' म्हणून यादीत येतात. लोखंडी झोका गच्चीवर टांगून काम भागते, ती तक्रार नाही.

पाडायचे ठरलेच तर ते कसे पाडावे यालाही महत्त्व आहे. आपल्याकडे ही कामे मे अखेरीस, वादळाच्या धास्तीने, घाईत होतात आणि नेमके त्याच दिवसांत कावळ्यांची घरटी भरलेली असतात. पावसाळा संपल्यावर, घरटी पाहून, वरून खाली तुकडे दोराने उतरवत झाड काढणे सर्वांत बरे. बुंधा जमिनीसरशी कापून ठेकेदार निघून जातो, लाकूड वखारीत जाते आणि जमिनीतला खुंट तसाच राहतो. हा खुंट मुळांसह दोन फूट तरी खोल काढला नाही तर मुळे कुजून पोकळ्या होतात आणि तीन-चार वर्षांनी नवा पदपथ तिथेच खचतो. काळ्या मातीत तर उलटही घडते. मोठे झाड वर्षानुवर्षे मातीतले पाणी ओढून तिला आकसलेली ठेवत असते. ते गेले की माती पुन्हा पाणी धरते, फुगते आणि शेजारच्या कुंपणाच्या भिंतीला तडा जातो. झाड गेले की प्रश्न मिटला असे समजणाऱ्यांना हा तडा दिसतो तेव्हा दोष द्यायला झाड उरलेले नसते.

गुलमोहरांच्या जागी काय लावावे यावर वसाहतीत पुन्हा बैठक झाली. बकुळ, करंज आणि बहावा ही नावे पुढे आली; तारांखाली बहावा आणि मोकळ्या बाजूला करंज असे माझे म्हणणे होते, ते बऱ्याच जणांनी मान्य केले. एका उत्साही तरुणाने कोनोकार्पस फुकट आणून देतो म्हटले, त्याला गुजरातची गोष्ट सांगावी लागली. मी दोन अटी घातल्या. रोपवाटिकेच्या काळ्या पिशवीत दोन-तीन वर्षे अडकलेल्या रोपाची मुळे पिशवीच्या तळाशी गोल गोल फिरलेली असतात. तो वेढा कापून सरळ केल्याशिवाय रोप लावायचे नाही, नाहीतर हीच मुळे पुढे खोडाला फास लावतात किंवा वरच्यावर पसरून पुन्हा फरशी उचलतात. दुसरी अट आळ्याची. ठेकेदाराच्या नकाशात झाडासाठी दीड फूट चौकोन दाखवला होता आणि भोवती सिमेंटची कडा. तेवढ्यात बादलीही नीट बसत नाही. आम्ही टेप घेऊन गेलो, चार फूट लांब आणि तीन फूट रुंद आळे आखले, पदपथ तिथे रस्त्याच्या बाजूला अडीच फूट सरकवला आणि आळ्याखाली दाबलेला मुरूम खणून मोकळी माती भरायला सांगितली. एका गाडीची जागा गेली. ती गाडी ज्यांची आहे त्यांनी आता माझ्याविरुद्ध अर्ज दिला आहे, आणि त्या अर्जावरची सुनावणी अजून व्हायची आहे.